बैलगाडीची उलाळ आणि चाकांवरचे घर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझे एक शिक्षकमित्र कागदाची एक मोठी गुंडाळी घेऊन घरी आले. निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत. हाती येणाऱ्या पैशांतून थोडी रक्कम बाजूला काढून मोटारीच्या मागे जोडायचे एक फिरते घर करून घ्यावे, असे त्यांच्या मनात होते. घरात माणसे पाच: हे दोघे, दोन मुले आणि मित्राची वृद्ध आई. वसईच्या पूर्वेकडे लहानमोठ्या कारखान्यांच्या वसाहती आहेत, तिथल्या एका वर्कशॉपमधून त्यांनी आराखडा करून आणला होता. आराखडा दिसायला सुरेख होता. मधली खोली पत्र्याच्या भिंतींची, आणि पुढे-मागे बाहेर उघडणारे दोन पलंग, त्यांवर कापडी छत.

आम्ही कागद जमिनीवर पसरला. बरोबर आलेल्या आईंनी चष्मा लावून तो पाहिला, पाण्याची टाकी, जादा चाक आणि सायकलींचा सांगाडा कुठे आहे ते विचारून घेतले आणि म्हणाल्या, "मागे एवढं ओझं? उलाळ होईल ना रे ही!"

ज्यांनी बैलगाडी भरली आहे त्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. गाडीत मागच्या बाजूला ओझे जास्त झाले की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून उठू लागते. ही उलाळ. वसईच्या वाड्यांतून केळी आणि भाजी गाडीत भरून स्टेशनाकडे नेणाऱ्या माणसांना गाडी कशी भरावी हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. आईंच्या त्या एका वाक्याने आम्ही हिशेब करायला बसलो. तो हिशेब आणि त्यातून निघालेले विज्ञान वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

हायब्रिड म्हणजे काय?

हायब्रिड म्हटले की आपल्याला ज्वारी आठवते, नाहीतर पेट्रोल आणि बॅटरी अशा दोन्हींवर चालणारी मोटार. इथे अर्थ वेगळा आहे. इथे संकर आहे तो घराचा आणि तंबूचा. मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घरांचे तीन ढोबळ प्रकार करता येतील.

पहिला प्रकार पूर्ण भिंतींचा. चारही बाजू आणि छप्पर पक्के, आत पलंग, ओटा, कपाटे. दुसरा घडीचा. प्रवासात तो एखाद्या उंच पेटीसारखा दिसतो. मुक्कामाला पोहोचल्यावर छप्पर वर उचलायचे, पलंग बाहेर ओढायचे आणि कापडी भिंती ताणायच्या. तिसरा हायब्रिड. मधला भाग पहिल्यासारखा पक्का, टोकाचे पलंग दुसऱ्यासारखे बाहेर उघडणारे आणि कापडी. रस्त्यावर लहान, मुक्कामी मोठा, हे त्याचे आकर्षण.

हौसेसाठी फिरते घर करण्याची कल्पना जुनी आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या स्कॉटिश डॉक्टर-लेखकाने ब्रिटनमध्ये 'द वाँडरर' नावाची घोडागाडी खास बांधून घेतली आणि तीतून लांबचा प्रवास केला. १९०७ साली तिथे अशा हौशी मंडळींचा क्लब निघाला. आपल्याकडे चाकांवरचा संसार हौसेचा नव्हता. लमाणांचे तांडे बैलांवर माल लादून देशभर फिरत, आणि बीडकडचे ऊसतोडणी कामगार बैलगाडीत संसार घालून कारखान्याच्या वाटेला लागत. ते सारे पोटासाठी. गाडीत कोणती वस्तू कुठे ठेवायची याचे ज्ञान मात्र दोन्हीकडे एकच.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. त्यात पक्क्या गाड्यांबरोबरच तंबूची ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन, कॅम्पर ट्रेलर अशा प्रकारांचाही उल्लेख आहे. म्हणजे हा विषय आता केवळ परदेशी मासिकांतला राहिलेला नाही.

तरफेचा हिशेब

सातवी-आठवीच्या मुलांना आपण तरफ शिकवतो. टेकूच्या एका बाजूचा भार गुणिले त्याचे टेकूपासूनचे अंतर, आणि दुसऱ्या बाजूचा तसाच गुणाकार, हे दोन्ही सारखे झाले की तरफ स्थिर राहते. एका आसाची ट्रेलर म्हणजे अशीच तरफ. आस हा टेकू. पुढे टोकाला मोटारीच्या हुकेत बसणारा गोळ्याचा जोड.

मित्राच्या आराखड्यातील मापे अशी होती. हुकेपासून आसापर्यंत ३.५ मीटर. पक्की खोली ४.२ मीटर लांब, त्यातील १.९ मीटर आसाच्या मागे. संसारासह वजन १२०० किलो. गुरुत्वमध्य आसाच्या ३५ सेंटिमीटर पुढे. आता हुकेवर किती भार येईल?

१२०० × ०.३५ = ४२०. यास ३.५ ने भागले की १२० किलो. म्हणजे एकूण वजनाच्या १० टक्के.

हे प्रमाण उत्तम. अमेरिकेत हुकेवरचा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा असे सांगतात. युरोपात ५ ते ७ टक्क्यांवर भागवतात, पण तिथे अशा गाड्यांच्या वेगावर कडक बंधने असतात. जर्मनीत मोटार आणि ट्रेलर यांच्या जोडीला सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे.

पण हा १२० किलोचा आकडा टाकी भरण्यापूर्वीचा होता. १०० लिटरची पाण्याची टाकी आसाच्या १.४ मीटर मागे दाखवली होती. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. १०० × १.४ ÷ ३.५ = ४० किलो. एवढा भार हुकेवरून कमी होणार. राहिले ८०. पुढे मागच्या भिंतीबाहेर, आसापासून २.१ मीटरवर, मुलांच्या दोन सायकली, त्यांचा लोखंडी सांगाडा आणि जादा चाक, मिळून ७५ किलो. ७५ × २.१ ÷ ३.५ = ४५. राहिले ३५ किलो.

गाडीचे एकूण वजन झाले १३७५ किलो आणि हुकेवर उरले ३५. म्हणजे अवघे अडीच टक्के! आईंची शंका खरी निघाली. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी सोयीची होती, पण साऱ्या मिळून गाडी धोक्याकडे नेत होत्या.

उलाळ झाली तर बिघडते काय?

बैलगाडीत उलाळ झाली तर बैल त्रासतो, गाडीवान उतरतो, दोन पोती पुढे सरकवतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. बैलगाडीचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर. मोटारीमागच्या घराचा वेग याच्या पंधरापट असतो आणि तिथेच खरा धोका आहे.

गुरुत्वमध्य आसाच्या पुढे असताना वाऱ्याने किंवा खड्ड्याने ट्रेलरचे शेपूट जरा बाजूला गेले, तर चाकांचे रस्त्याशी होणारे घर्षण ते पुन्हा रेषेत आणते. दोन-तीन लहान झोके बसतात आणि विरतात. गुरुत्वमध्य मागे सरकत जातो तसे हे विरणे मंदावते. एका ठरावीक वेगाच्या वर झोके विरण्याऐवजी वाढू लागतात. शेपूट डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, दरवेळी आधीपेक्षा जास्त. शेवटी ट्रेलर मोटारीलाच आडवी करते. मोटार ५५ वेगाने गेली तेव्हा काही झाले नाही म्हणून ७५ लाही काही होणार नाही, असे इथे म्हणता येत नाही.

हायब्रिडच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. मिटलेले पलंग, त्यांच्या गाद्या आणि सांगाडे गाडीच्या दोन्ही टोकांना असतात. हुकेवरचा भार बरोबर असला तरी टोकांकडे विभागलेले वजन गाडीचे फिरण्याविरुद्धचे जडत्व वाढवते. डोंबारी दोरीवर चालताना हातात लांब काठी धरतो ती याच कारणाने: ती सहज फिरत नाही. पण अशी वस्तू एकदा फिरू लागली की सहज थांबतही नाही. म्हणून जड वस्तू आसाजवळ, खाली आणि किंचित पुढे ठेवाव्यात.

झोके सुरू झालेच तर काय करावे, हे चालवणाऱ्याला आधीच माहीत हवे. मोटारीचा ब्रेक एकदम दाबू नये आणि वेगही वाढवू नये. स्टिअरिंग सरळ धरून वेगाच्या पट्टीवरचा पाय उचलावा. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक असेल तर तेवढाच हलकेच लावावा. मागून ताण आला की गाडी सरळ होते.

मागच्या पलंगावर कोण चढले?

दुसरा हिशेब मुक्कामाचा. हुकेतून सुटी केलेली हायब्रिड गाडी उघडली की मागचा पलंग खोलीच्या बाहेर सव्वा मीटरच्या आसपास जातो. त्याचा मध्य आसापासून साधारण २.५ मीटर. त्यावर दोन मोठी माणसे, १४० किलो, झोपली तर गुणाकार ३५० होतो. मूळ उत्तम तोलाच्या गाडीत पुढच्या बाजूचा गुणाकार ४२० होता. गाडी जमिनीवर राहील, पण नाक फक्त २० किलोने टेकलेले असेल. आता ३० किलोचे एक मूल गोष्ट ऐकायला आईबाबांजवळ गेले, की १७० × २.५ = ४२५. गाडी उलाळ! आणि मित्राच्या मूळ आराखड्यातील गाडीत पुढचा गुणाकार होता ३५ × ३.५, म्हणजे साधारण १२२. तिथे ५० किलोचे एकटे माणूसही मागच्या पलंगाच्या मध्यावर बसले तर नाक उचलले जाईल.

यावर उपाय साधा आहे. खोलीच्या चारही कोपऱ्यांना खाली सोडायचे पाय असतात आणि पलंगांना तिरके टेकू असतात. ते लावल्याशिवाय कोणीही पलंगावर चढायचे नाही, हा नियम मुलांनाही पाठ हवा. पाय वाळूत किंवा ओल्या मातीत रुतू नयेत म्हणून खाली फळ्या घालाव्यात. तेच वजन मोठ्या क्षेत्रफळावर विभागले की दाब कमी होतो, हे आपण वर्गात शिकवतोच. राजोडी किंवा कळंबच्या किनारी गाडी थेट वाळूत मात्र उतरवू नये. तिथे मोटारच रुतते, मग ट्रेलर काय ओढणार?

मोटारीला झेपते का?

घर निवडण्याआधी मोटारीकडे पाहावे. युरोपात नवख्या चालकाला एक साधा नियम सांगतात: भरलेल्या ट्रेलरचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. मित्राची मोटार १६५० किलोची. ८५ टक्के म्हणजे सुमारे १४०० किलो. आराखड्यातील गाडी १३७५ किलोची, म्हणजे अगदी कडेवर. पाच माणसांच्या सोयीची पूर्ण भिंतींची गाडी त्यांना १९०० किलोची सांगितली होती. ती इथेच बाद झाली. घडीची गाडी ८०० किलोच्या आसपास.

जाहिरातीत सांगतात ते बहुधा कोरडे वजन असते. त्यात पाणी, गॅसची टाकी, बॅटरी, भांडी, अंथरुणे, धान्य यांपैकी काही नसते. पाच माणसांच्या संसाराचे हे वजन दोनशे-तीनशे किलो सहज होते. मोटारीच्या पुस्तिकेत ओढण्याची मर्यादा दिली आहे का, तेही पाहावे. दिली असेल तर तीच शेवटची. दिली नसेल तर उत्पादकाला लेखी विचारावे, अंदाजावर जाऊ नये.

ओढण्यापेक्षा थांबवणे अवघड असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटर वेग घेतला तर वेग सव्वापटीपेक्षा थोडा जास्त झाला, पण ब्रेकना शोषावी लागणारी ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त झाली. म्हणून एवढ्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. मित्राच्या आराखड्यात ते 'नंतर लावता येतील' या सदरात होते.

घाटात काय होईल? वीस मीटरला एक मीटर चढण असेल, तर १३७५ किलोची ट्रेलर मोटारीला सुमारे ६७० न्यूटन बलाने मागे ओढते. ताशी ४० किलोमीटर वेगाने चढायचे तर केवळ एवढ्यासाठी साडेसात किलोवॅट, म्हणजे दहा अश्वशक्ती जादा लागतील. चढताना हे इंजिनातून येते. उतरताना तेवढीच शक्ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. म्हणून उतारावर खालचा गिअर.

आपल्या वाटा आणि आपला वारा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात निर्मळ, नंदाखाल, भुईगावकडचे रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अरुंद वळणांचा प्रश्न सांगायला नको. एका बाजूला वाडीचे कुंपण, दुसऱ्या बाजूला विहिरीचा कठडा. वळताना ट्रेलरची चाके मोटारीच्या मागोमाग जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत जातात. मोटारीची हूक ७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरत राहिली, तर ट्रेलरच्या आसाची त्रिज्या पायथागोरसच्या नियमाने काढता येते. हायब्रिडसाठी: ७ चा वर्ग ४९, त्यातून ३.५ चा वर्ग १२.२५ वजा केला, वर्गमूळ ६.०६. म्हणजे चाके ९४ सेंटिमीटर आतून जातील. पूर्ण भिंतींच्या गाडीत हुकेपासून आस ४.५ मीटर धरला तर हेच अंतर १ मीटर ६४ सेंटिमीटर येते. घडीच्या गाडीत २.९ मीटर धरला तर ६३ सेंटिमीटर. काटकोनी वळणात प्रत्यक्ष अंतर याहून थोडे कमी असते, पण क्रम हाच राहतो.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो आणि त्यावर अवजड मालमोटारींची रांग असते. अशी गाडी शेजारून गेली की हवेचा धक्का बसतो. ताशी ६० किलोमीटरचा आडवा वारा दर चौरस मीटरवर सुमारे १७ किलो वजनाइतका रेटा देतो. पूर्ण भिंतींच्या ६ मीटर लांब आणि २.१ मीटर उंच गाडीच्या कुशीवर हा रेटा २१० किलोच्या पुढे जातो, हायब्रिडवर १५० किलो, तर मिटलेल्या घडीच्या गाडीवर पन्नासेक. उघड्या महामार्गावर बुटकी गाडी शहाणी.

कापडाचे गुणदोष

आता प्रश्न कापडाचा. हायब्रिड घ्यायची ती त्याच्यासाठी आणि सोडायची तीही त्याच्यासाठीच.

कापडाला भोके असतात, मग पाऊस आत का येत नाही? पृष्ठताणामुळे. जलरोधक प्रक्रिया केलेल्या धाग्याला पाणी चिकटत नाही, ते भोकाच्या तोंडाशी फुगून थांबते. भोकाची त्रिज्या एक दशांश मिलिमीटर असेल तर जास्तीत जास्त सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे पाणी ते अडवू शकते. त्रिज्या निम्मी झाली की ही उंची दुप्पट. सुती कापडाचे धागे ओले झाल्यावर फुगतात आणि भोके आणखी लहान होतात, म्हणून जुने सुती तंबू पहिल्या पावसानंतर जास्त चांगले टिकत. आतून बोट लावले की मात्र पाण्याची ती फुगी मोडते आणि त्याच जागी ठिबकू लागते. प्लास्टिकचा लेप दिलेले कापड पाणी पक्के अडवते, पण आतली वाफही बाहेर जाऊ देत नाही.

आणि वाफ किती असते? झोपलेला माणूस श्वासातून व त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच माणसांचे २०० ग्रॅम. उघडलेल्या हायब्रिडमध्ये सुमारे २० घनमीटर हवा मावते. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २६ ग्रॅम बाष्प धरते. आपल्याकडे पावसाळी रात्री सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के म्हणजे नेहमीची गोष्ट. तेव्हा प्रत्येक घनमीटरमध्ये जागा उरते फक्त ४ ग्रॅमची, सगळ्या गाडीत ८० ग्रॅमची. खिडक्या बंद असतील तर अर्ध्या तासाच्या आत हवा बाष्पाने भरून जाईल, आणि उरलेल्या रात्रीचे दीड लिटरभर पाणी थंड पृष्ठभागावर दव होऊन बसेल. सर्वांत थंड पृष्ठभाग कोणता? आकाशाकडे तोंड केलेले, एकेरी कापडाचे छत. ते नेमके पलंगावर असते.

उष्णतेचे गणितही पाहू. २५ मिलिमीटर फोमची दुहेरी भिंत एकेरी कापडाच्या सुमारे एक पंचमांश उष्णता जाऊ देते. थंड देशात म्हणून पक्की गाडी हवी असे सांगतात. आपल्याकडे प्रश्न उलटा आहे. मार्च-एप्रिलच्या दुपारी कापड तापते खरे, पण रात्री तीच पक्की खोली पाच माणसांच्या अंगची उष्णता धरून बसते. झोपलेल्या माणसाच्या शरीरातून ७०-८० वॅट उष्णता बाहेर पडते, म्हणजे पाच माणसे मिळून आत जवळजवळ ४०० वॅटची शेगडीच. अशा वेळी दोन्ही टोकांची कापडे वर करून जाळ्या उघड्या ठेवल्या की आरपार वारा खेळतो. नोव्हेंबर ते मे या काळात कोकणपट्टीत हायब्रिडचा हा गुण मोठा आहे.

जूनपासून मात्र पारडे फिरते. आपल्या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. भिजलेले कापड घडी करून ठेवले की दोन-तीन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात. म्हणून घरी परतल्यावर गाडी पुन्हा उघडून कापड पूर्ण वाळवावेच लागते. त्यासाठी जागा हवी. विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतींत जिथे स्कूटर लावायला जागा शोधावी लागते, तिथे दोन्ही बाजूंनी पलंग पसरलेली गाडी कुठे वाळवणार? खरेदीचा निर्णय कित्येकदा इंजिनाने नव्हे, अंगणाने ठरतो.

समुद्राची खारी हवा हा आणखी एक शत्रू. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंडी स्क्रू लावले आणि त्यांच्यामध्ये खारे पाणी गेले, की एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि स्क्रूभोवतीचा पत्रा झिजत जातो. सांध्यांत रबराचे किंवा प्लास्टिकचे अस्तर आहे का, चौकट जस्ताचा मुलामा दिलेली आहे का, हे खाली वाकून पाहावे.

गॅस आणि कागदपत्रे

दोन गोष्टी थोडक्यात, पण त्या टाळता येणार नाहीत. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता जमिनीलगत साठतो. म्हणून टाकीच्या कप्प्याला तळाशी, बाहेरच्या बाजूला छिद्रे हवीत. कापड बंद करून आत शेगडी किंवा कोळसा पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार ट्रेलरचीही नोंदणी करावी लागते. एमएच ४८ ही आपल्या वसईची खूण मोटारीवर आहे म्हणून मागचे घर आपोआप कायदेशीर होत नाही. वर्कशॉपला अशी गाडी बांधण्याची मान्यता आहे का आणि तिची नोंदणी होईल का, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारावे.

वर्गात करून पाहा

१. तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी घ्या. तिला मध्याच्या किंचित मागे खेळण्याच्या गाडीचा आस आणि दोन चाके बसवा. पट्टीचे पुढचे टोक स्वयंपाकघरातील काट्यावर टेकवा. खोडरबर, नाणी, पाण्याची छोटी बाटली अशी 'सामग्री' वेगवेगळ्या जागी ठेवून काट्यावरचे आकडे लिहा. आधी गणिताने आकडा काढा, मग मोजा.

२. खऱ्या ट्रेलरचा हुकेवरचा भार घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. एक भक्कम फळी घ्या. एका टोकाखाली वजनकाटा, दुसऱ्या टोकाखाली तेवढ्याच उंचीची वीट, दोन आधारांमध्ये दीड मीटर अंतर. ट्रेलरचे नाक विटेपासून ५० सेंटिमीटरवर टेकवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट हुकेवरचा भार. तिप्पट का, ते मुलांनी शोधावे. ट्रेलर नसेल तर शेतातली बैलगाडी चालेल. चाकांना आधी दगड लावा.

३. सुती कापड, छत्रीचे कापड आणि प्लास्टिक वेगवेगळ्या बरण्यांच्या तोंडावर ताणून बांधा. वर चमच्याने पाणी घाला. मग सुती कापडाला खालून बोट लावून काय होते ते पाहा.

मित्राने काय ठरवले?

आम्ही त्याच आराखड्यावर पेन्सिलीने फेरफार केले. पाण्याची टाकी आसाच्या बरोबर वर आणली. तिचा हुकेवरचा परिणाम शून्य झाला. शिवाय प्रवासात पाणी संपत गेले तरी तोल बदलणार नाही. जादा चाक, २० किलो, पुढे त्रिकोणी चौकटीवर, आसापासून २.८ मीटर: हुकेवर १६ किलो वाढले. सायकली व सांगाडा, ५५ किलो, खोलीच्या आत आसाच्या अर्धा मीटर पुढे: आणखी ८ किलो. एकूण १२० + १६ + ८ = १४४ किलो. १३७५ च्या साडेदहा टक्के. एकही वस्तू कमी केली नाही, एक रुपयाही वाढला नाही, फक्त जागा बदलल्या. ब्रेकसाठी मात्र पैसे वाढवावे लागतील, आणि त्यांनी ते वाढवायचे ठरवले आहे. वेग ताशी ६० च्या आत, आणि जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये, हेही ठरले. त्यांना वाडीत मोकळे अंगण आहे म्हणून हायब्रिड त्यांना सोयीची. अंगण नसते तर मी त्यांना भाड्याची पक्की गाडी घेऊन वर्षातून आठ दिवस फिरून या, असेच सांगितले असते.

नवा कागद घेऊन ते वर्कशॉपमध्ये गेले. तिथल्या कारागिराने टाकी मधे आणायला काहीच हरकत घेतली नाही. मागे ठेवली होती ती नळ जोडायला सोपी म्हणून, एवढेच. घरी आल्यावर त्यांनी नवा आराखडा आईंना दाखवला. त्यांनी पुन्हा चष्मा लावला, टाकीवर बोट ठेवले, आसावर ठेवले, आणि विचारले, "आणि माझा पलंग कुठला? पुढचा ना?"

पुढचाच, असे त्यांना सांगण्यात आले.